पूर ओसरल्यावर मंडळी का विसकटते?

प्रश्न, थोडक्यात: मी कोल्हापुरातल्या एका मराठी ख्रिस्ती मंडळीची (चर्चची) नवी सेक्रेटरी आहे. आमची सव्वाशेच्या आसपास कुटुंबं आहेत. 2019 च्या पुरात आमच्या हॉलमध्ये कितीतरी लोक राहिले, सगळी मंडळी रात्रंदिवस राबली. आता मात्र पंचांच्या (मंडळीच्या कारभाऱ्यांच्या) निवडणुकीवरून आणि हॉलच्या दुरुस्तीवरून सरळ दोन गट पडलेत. तरुण मुलं रविवारी संध्याकाळी दुसरीकडे भक्तीला जातात. मदतीच्या किटच्या वाटपावरूनही तेव्हा थोडं झालं होतं, पण ते आता जुनं झालं. पूर्वीची एकी परत कशी आणावी? उपवास-प्रार्थना ठेवावी का? बाहेरचा वक्ता बोलवावा का?

उत्तर:

सलाम ताई.

उपवास-प्रार्थना ठेवा, वक्त्याचं शेवटी सांगतो. पण त्याआधी कपाटातलं पुराच्या वेळचं वाटपाचं रजिस्टर बाहेर काढा. निवडणूक, हॉल आणि मुलांचं दुसरीकडे जाणं ही कारणं तुम्ही ठळक लिहिलीत. किटचं मात्र जाता जाता एका ओळीत उरकलंत. गावातली आणि शहरातली अशी दोन्हीकडे पाळकी (मंडळीच्या धर्मगुरूचं काम) केलेला माणूस म्हणून सांगतो, ते जुनं झालेलं नाही. निवडणुकीत कोण कोणाच्या बाजूला उभं राहिलं ते नीट आठवून बघा. वाटपाच्या यादीत ज्यांचं नाव राहून गेलं, त्यांच्यातले बरेचजण तुम्हाला एकाच बाजूला दिसतील.

2019 चा ऑगस्ट आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांपुढे आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट, आणि पाणी गेलं 55 च्या वर. हायवे बंद, पेट्रोल मोजून मिळत होतं, गोकुळचं दूध येईना. चहूकडे पाणी असून नळ कोरडे, कारण उपसा केंद्रंच बुडाली होती. अशा वेळी मंडळीत मतभेद होत नाहीत, कारण मत द्यायला जागाच नसते. भाकरी कुणी थापायच्या, आजीला पाठीवर कुणी घ्यायचं, सतरंज्या कुठे वाळत घालायच्या, हे सगळं पाणी ठरवतं. ती एकी खरीच होती, तिला नावं ठेवू नका. पण ती परिस्थितीने लादलेली होती. पाणी ओसरलं की ठरवायचं काम परत माणसांकडे येतं आणि भांडणही तिथूनच सुरू होतं. म्हणून व्यासपीठावरून कुणी "पुरात आपण कसे एक होतो" म्हणायला लागलं की मला काळजी वाटते. ज्याच्या घरात छातीएवढं पाणी होतं आणि तरी ज्याला किट मिळालं नाही, तो मागच्या बाकावर बसून तेच वाक्य ऐकत असतो.

बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय काढा. यरुशलेमची मंडळी, आत्म्याने भरलेली, रोज वाढणारी, आणि तिथे पहिली मोठी कुरकुर कशावरून? रोजच्या वाटपावरून. हेल्लेणी, म्हणजे ग्रीक बोलणारे यहूदी, म्हणाले, आमच्या विधवांची उपेक्षा होते. पौलाच्या सिद्धांतावरून नाही, बाप्तिस्म्यावरून नाही, अन्नावरून. आता प्रेषितांनी काय केलं ते बघा. ऐक्यावर संदेश दिला नाही. कुरकुर करणाऱ्यांना 'तुमचा विश्वास कमी पडला' असं सुनावलं नाही. सगळ्या मंडळीला बोलावलं आणि म्हणाले, सात माणसं निवडा. निवडलेली नावं वाचा: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, नीकलाव. सातही ग्रीक नावं. निव्वळ नावावरून माणसाचं कुळ पक्कं सांगता येत नाही हे खरं, पण बहुतेक अभ्यासक यातून एकच गोष्ट काढतात आणि मलाही ती पटते: ज्यांची तक्रार होती त्यांच्याच हातात मंडळीने कोठाराच्या किल्ल्या दिल्या. एवढं मोठं मन आपल्याला जड जातं. आपण तक्रार करणाऱ्याला समितीबाहेर ठेवतो आणि वर म्हणतो की तो सहकार्य करत नाही.

तर ते रजिस्टर काढा. दोन्ही गटांतली दोन-दोन माणसं बसवा, त्यात निदान दोन बायका असू द्या, कारण कुणाच्या घरात काय बुडालं हे पुरुषांना निम्मंच माहीत असतं. नाव-नाव वाचा. कुणाला दोनदा गेलं, कुणाला गेलंच नाही, कुणाच्या नावावर दुसऱ्याने सही केली. हेतू चोर शोधण्याचा नाही, हे आधी बोलून घ्या. अशा गडबडीत बहुतेक चुका घाईच्या असतात: पाण्यात भिजलेली यादी, रात्री अकराला आलेला टेम्पो, मदतीला आलेला पाव्हणा ज्याला कोण कुठे राहतं ते ठाऊक नाही. पण चूक घाईची होती हे ज्याच्यावर अन्याय झाला त्याला कळायला हवं, आणि ते त्याला कुणीतरी त्याच्या घरी जाऊन सांगायला हवं. ज्यांचं राहिलं त्यांची नावं पुढच्या मासिक सभेच्या इतिवृत्तात घ्या, साध्या शब्दांत: अमुक कुटुंबांपर्यंत मदत पोहोचली नाही, मंडळीला याचं वाईट वाटतं. इतक्या वर्षांनी तांदूळ देऊन काही होणार नाही. पण इतिवृत्तात आलेल्या नावाचा मान वेगळा असतो.

आता हिशेब. यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण मी जिथे जिथे मंडळी फुटताना पाहिली तिथे तिथे तळाशी पैसा होता, आणि बहुतेक ठिकाणी खाल्लेला पैसा नव्हता, न सांगितलेला होता. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात पौल यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा करतोय. स्वतः प्रेषित असून तो एकटा पैसे नेत नाही. मंडळ्यांनी निवडलेला माणूस बरोबर घेतो आणि कारणही सांगतो: या मोठ्या रकमेवरून आमच्यावर कुणी ठपका ठेवू नये, प्रभूपुढेच नव्हे, माणसांपुढेही जे चांगलं दिसेल ते आम्ही बघतो. माणसांपुढेही, हे लक्षात घ्या. "देवाला सगळं माहीत आहे" हे उत्तर पौलाला पुरलं नाही. आपल्या खजिनदारांना ते का पुरावं?

करायचं काय? रविवारचं अर्पण भक्ती संपल्यावर लगेच, त्याच टेबलावर मोजा. मोजणारी दोन माणसं वेगवेगळ्या घराण्यांतली, दोघांची सही, आकडा फळ्यावर, पैसे सोमवारी बँकेत. रोख रक्कम कुणाच्या घरी ठेवायची नाही, मग तो माणूस कितीही देवमाणूस असो. उलट देवमाणसाला तर या जोखमीत मुळीच टाकू नका. हॉलच्या दुरुस्तीचा पैसा वेगळा दाखवा, पूरमदतीचा वेगळा, मासिक वर्गणी वेगळी. एका कप्प्यातून दुसऱ्यात उसने घेतले तर तसं लिहा, ठराव करा, परत कधी करणार ते लिहा. बहुतेक भांडणं या 'उसन्या'तून निघतात. पत्रे आणायचे म्हणून पूरमदतीतले पैसे वापरले, नंतर टाकू म्हणाले, नंतर समिती बदलली, आणि नव्या समितीला वाटतं जुन्यांनी गिळले. कुणी काही गिळलेलं नसतं. कागद नसतो, एवढंच.

तसंच तुमच्या मंडळीचा ट्रस्ट धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला असेल तर निवडणुकीनंतर नव्या विश्वस्तांचा चेंज रिपोर्ट (बदल कळवणारा अर्ज) 90 दिवसांत दाखल झाला होता का, ते तपासा. लोक जल्लोषात हार घालून घेतात आणि कागद दाखल करायला विसरतात. मग दोन वर्षांनी कुणीतरी रजिस्टरचा उतारा काढतो, त्यात जुनीच नावं निघतात, आणि खरे विश्वस्त कोण यावर कोर्टकचेरी सुरू होते. ऑडिटही दर वर्षी व्हायला हवं. परदेशी मिशनच्या काळातल्या जागांचं तर आणखी नाजूक. 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधल्या ब्रदरन पंथाच्या मंडळीच्या खटल्यात सांगितलं की विलीनीकरणाचा ठराव झाला म्हणून ट्रस्टची मालमत्ता आपोआप नव्या संस्थेकडे जात नाही, ट्रस्टच्या कायद्याप्रमाणे ती प्रक्रिया करावी लागते. त्यामुळे तुमच्याकडे कुणी 'ही जागा आपलीच' म्हणून छाती ठोकत असेल तर आधी उतारा बघा, आणि कुठल्याही बाजूने सही करण्याआधी ट्रस्टचं काम करणाऱ्या वकिलाला दाखवा. ओळखीचा वकील चालेल, पण मंडळीतला नको.

दोन गटांचं म्हणाल तर पहिली चूक टाळा: सगळ्यांना एकत्र बोलावून 'मोकळेपणाने बोला' म्हणू नका. मोठ्या सभेत माणूस आपल्या बाजूच्या लोकांसाठी बोलतो, समोरच्यासाठी नाही. मत्तयच्या अठराव्या अध्यायातला क्रम उलटा चालवायची आपल्याला सवय लागली आहे. आधी मंडळीपुढे, मग दोघा-तिघांपुढे, आणि एकट्याने जाऊन बोलणं तर कधीच नाही. तुम्ही घरोघर जा. प्रत्येक वेळी दुसऱ्या गटातलं एक माणूस बरोबर घ्या. पहिल्या दोन-तीन घरी अवघडल्यासारखं होईल, चहा थंड होईल. तरी चालेल. प्रश्न एकच विचारा: तुमच्या मते सुरुवात कुठून झाली? उत्तर लिहून घ्या आणि वाद घालू नका. तुमच्या लक्षात येईल की एका गटात मुळात तीन गट आहेत. मिशन कंपाउंडातली जुनी घराणी, कोडोलीकडून किंवा मिरज-सांगलीकडून नोकरीनिमित्त आलेले, आणि लग्न करून मंडळीत आलेले. प्रत्येकाचं दुखणं वेगळं असतं. जुन्यांना वाटतं आमच्या आज्यांनी विटा वाहिल्या, नव्यांना वाटतं आम्हाला अजून पाव्हणेच धरतात. निवडणुकीत मात्र सगळं दोन चिठ्ठ्यांत कोंबलं जातं.

फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल युवदीया आणि सुंतुखे या दोघींना नाव घेऊन विनवतो. भांडण कशाचं ते सांगत नाही, कुणाचं बरोबर तेही सांगत नाही. पण तिथल्या एका तिसऱ्या माणसाला म्हणतो, या बायांना मदत कर, यांनी सुवार्तेत माझ्याबरोबर श्रम केले आहेत. सेक्रेटरी म्हणून तुमची जागा त्या तिसऱ्या माणसाची आहे. पाळक साहेबांची ती नाही, हे थोडं विचित्र वाटेल, पण पाळक आज ना उद्या बदलून जातात. मंडळीची आठवण तुमच्यासारख्यांकडे राहते. म्हणून पाळकांना कुठल्याही गटाच्या घरी जेवायला एकट्याने नेऊ नका, ही माझी खास विनंती. कोल्हापुरात तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर बरेच ठराव पास होतात.

प्रार्थनेतून टोमणे मारणं बंद करा. "प्रभू, काही लोकांची मनं कठीण झाली आहेत" ही प्रार्थना देवाला उद्देशून नसते, ती तिसऱ्या बाकावरच्या माणसाला उद्देशून असते, आणि त्याला तिचं उत्तरही देता येत नाही, कारण डोळे मिटलेले. संदेशातही तेच. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर फक्त वेळ, जागा, आजारी आणि मयत यांची सूचना टाका. वचनाचे फोटोही काही महिने थांबवले तरी कुणाचा विश्वास कमी होणार नाही.

मयतीचा विषय निघाला तर एक नियम आत्ताच करून टाका. मंडळीत कुणीही गेलं, कुठल्याही गटाचं, तर सगळे पंच घरी जातील आणि कबरस्थानापर्यंत जातील. वर्गणी थकलेली असो, तो माणूस तीन वर्षं भक्तीला आलेला नसो. मी असे प्रसंग पाहिले आहेत जिथे थकबाकीचा विषय मयतीच्या घरात निघाला. त्या घरातली पुढची पिढी परत आली नाही. आपल्याकडे मयतीला हिंदू नातेवाईक येतात, शेजारी येतात, तालमीतली पोरं खांदा द्यायला येतात. ती सगळी उभी असताना पंच दोन टोळक्यांत उभे राहिले, तर ऐक्याची साक्ष कुणापुढे देणार?

प्रभुभोजनाचंही (भाकर आणि द्राक्षारसाच्या विधीचंही) बघा. काहीजण भांडणामुळे मेजाजवळ येत नाहीत आणि त्याला पवित्र कारण देतात: मन शुद्ध नाही म्हणून. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायाचा हवाला देतात. तो अध्याय आधीपासून वाचायला सांगा. तिथे पौल रागावला आहे ते आधी खाऊन घेणाऱ्यांवर, ज्यांच्यामुळे गरीब भुकेला राहतो. एकमेकांसाठी थांबा, असा त्याचा शेवटचा सल्ला. जो रागामुळे दूर बसलाय त्याच्याकडे आदल्या शनिवारी कुणीतरी जायला हवं.

आता थोडा इतिहास, कारण तुमच्या पत्रात 'पूर्वीची एकी' असे शब्द आहेत. कोल्हापुरातली मंडळी कधीच एका मुशीतली नव्हती. अमेरिकन मिशनरी वायल्डर साहेब इथे 1852 ला आले. पाच वर्षांत कोल्हापुरातच 1857 चा उठाव झाला. पुढे त्यांना पाठवणाऱ्या अमेरिकन बोर्डाने हात आखडता घेतला तरी त्यांनी स्वतंत्रपणे काम चालू ठेवलं आणि 1870 ला ते प्रेस्बिटेरियन बोर्डाकडे गेलं. दुसरीकडे अँग्लिकन मिशन आलं. एकाच शहरात वडिलांनी (निवडलेल्या ज्येष्ठांनी) चालवलेली प्रेस्बिटेरियन मंडळी आणि बिशपांच्या हाताखालची अँग्लिकन मंडळी, दोन्ही. या आणि इतर परंपरांतल्या सहा चर्चसंस्था मिळून 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. त्याच्या वाटाघाटी सुरू झाल्या होत्या 1929 ला, लखनौच्या परिषदेपासून. म्हणजे एकेचाळीस वर्षं. आणि शेवटच्या टप्प्यावर अमेरिकन परंपरेतल्या मेथडिस्टांनी अंग काढून घेतलंच.

त्या वाटाघाटींतली मला सगळ्यात शहाणपणाची वाटते ती बाप्तिस्म्याची तडजोड. बाप्टिस्ट, ब्रदरन आणि डिसायपल्स हे पंथ म्हणत, विश्वास कबूल करणाऱ्यालाच बाप्तिस्मा. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, मेथडिस्ट बाळांना बाप्तिस्मा देत आले होते. यावरून युरोपात माणसांना बुडवून मारलं गेलं आहे. इथे काय केलं? दोन्ही रीती एका मंडळीत मान्य ठेवल्या. कुणालाही आपली रीत सोडायला लावली नाही. एकच अट राहिली की एकदा झालेला बाप्तिस्मा पुन्हा द्यायचा नाही. कोणत्या गोष्टीत एक व्हायचं आणि कोणती गोष्ट वेगळी राहू द्यायची, हे आधी ठरवलं. तुमच्या दोन गटांनाही हेच करावं लागेल. हिशेब, मयत, प्रभुभोजन आणि पूर, या चार बाबतीत एकच रीत. बाकीच्यात ताणू नका.

बाकीच्यात गाणी आली. हार्मोनियम-तबला की कीबोर्ड-ड्रम, 'उपासना संगीत' हे जुनं गीतपुस्तक की पडद्यावरची नवी गीतं, हा वाद दर मंडळीत आहे. नारायण वामन टिळकांनी कीर्तन आणि अभंगाच्या अंगाने ख्रिस्ती गीतं रचली, तेव्हा तीही त्या काळातली नवीनच गोष्ट होती, हे आपल्या जुन्या लोकांना हळूच सांगा. आणि तरुणांना सांगा की आजीला पाठ असलेलं गीत काढून टाकलं तर ती गप्प बसते, आणि आजी गप्प बसलेली मंडळी लवकर रिकामी होते. रविवार वाटून घ्या. यासाठी वेगळ्या समितीची गरज नाही.

मुलं संध्याकाळी दुसऱ्या भक्तीला जातात म्हणून त्यांना फितूर म्हणू नका. ती तिकडे कशासाठी जातात हे मी बऱ्याच मुलांना विचारलं. बहुतेकांनी संगीताचं नाव दुसऱ्या क्रमांकावर घेतलं. पहिलं कारण, तिकडे आम्हाला काम देतात. आपल्याकडे तिशीच्या पोरालाही खुर्च्या लावायला आणि नाताळचा तारा टांगायला ठेवतात. पूर येतो तेव्हा मात्र सगळं तीच करतात. मग पूर नसताना त्यांना काम द्या, आणि तेही खरं.

ते काम कोणतं, तर पुढच्या पुराची तयारी. 2005, 2019, 2021, म्हणजे पंचगंगा वेळ घेऊन येते पण येते. मे महिन्यात तरुण संघाने प्रत्येक घरी जाऊन एक वही करावी: घर कुठल्या मजल्यावर, 2019 ला पाणी कुठपर्यंत आलं होतं, घरात अंथरुणाला खिळलेलं कुणी आहे का, इन्सुलिन किंवा डायलिसिस कुणाला लागतं, कुणाचे नातेवाईक उंचावर राहतात. शाहूपुरी, लक्ष्मीपुरी, दुधाळी, नागाळा पार्क, जिथे जिथे आपली कुटुंबं असतील तिथे गल्लीला एक जबाबदार माणूस. राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट झालं की इशारा असतो. ठरवून टाका की 39 ला सगळ्या सखल घरांना फोन जाईल, आणि 43 ची वाट न बघता म्हातारी माणसं आणि लहान मुलं हलतील. कुणी हलवायचं, कुणाच्या गाडीतून, हे नावासकट. प्रत्येक जोडीत दोन गटांतलं एक-एक पोरगं ठेवा. त्यांना ऐक्याचं काही सांगू नका, नुसती यादी द्या.

हॉलमध्ये पिण्याच्या पाण्याच्या टाक्या पूर येण्याआधी भरून ठेवा, गॅसचे सिलेंडर भरलेले ठेवा. आणि बाप्तिस्मा-विवाह-मयतीची जुनी रजिस्टरं तळमजल्याच्या कपाटातून आजच वर न्या. पूर्ण स्कॅन करून घ्या. ज्या मंडळीची रजिस्टरं भिजली तिथे पुढे मतदार यादीवरून, जातीच्या दाखल्यावरून, कबरीच्या जागेवरून काय काय होतं ते मी पाहिलं आहे. वाटपाची यादी दोन प्रतींत, एक प्लॅस्टिकच्या पिशवीत. हॉल उघडला की कोणत्याही धर्माचा माणूस आत येईल, त्याचं नाव फक्त जेवणाच्या मोजणीसाठी घ्या. संकटात सापडलेल्या माणसाला पत्रिका वाटू नका. कोल्हापुरात तालमी, मशिदी, गुरुद्वारे, शाळा सगळे दार उघडतात. त्यांच्या माणसांचे नंबर आधीच घेऊन ठेवा, कारण भाकरी एकीकडे जास्त होतात आणि दुसरीकडे कमी पडतात. पूर ओसरल्यावर पंचनाम्यासाठी तलाठ्यापुढे कागद लागतात. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांच्यासाठी दोन शिक्षक बसवा. सेवेचा हा भाग कुणाच्या फोटोत येत नाही, पण लोक तोच लक्षात ठेवतात.

कोविडबद्दल एवढंच. 2020 चा ईस्टर, 12 एप्रिल, देवळाच्या बंद दारामागे गेला. तेव्हा कुणी यूट्यूबवर भक्ती केली, ज्यांच्याकडे साधा फोन होता ते राहून गेले. वहीत 'कुणाकडे कसला फोन' हाही रकाना घाला.

राहिला एक अवघड प्रश्न, जो तुम्ही विचारला नाही. एवढं करूनही एक गट निघून गेला तर? जाऊ द्या. प्रेषितांची कृत्ये, पंधरावा अध्याय: योहान मार्क या सोबत्यावरून पौल आणि बर्णबा यांचं इतकं बिनसलं की ते वेगळे झाले. पवित्र शास्त्राने ते झाकलेलं नाही. पुढे तीमथ्याला लिहिताना म्हातारा पौल म्हणतो, मार्काला घेऊन ये, तो मला सेवेसाठी उपयोगी आहे. मधल्या वर्षांत कुणी कुणाला खलनायक ठरवून टाकलं असतं तर ते वाक्य लिहिता आलं नसतं. जाणाऱ्यांची नावं रजिस्टरातून रागाने खोडू नका, सदस्यत्वाचं पत्र मागितलं तर द्या, कबरस्थान बंद करू नका, त्यांच्या लग्नाला जा. कोर्टात जाणार असतील तर ट्रस्टच्या पैशाने वकील लावण्याआधी सर्वसाधारण सभेचा ठराव घ्या, नाहीतर तोच पुढच्या भांडणाचा मुद्दा होतो.

उपवास-प्रार्थनेचं आणि वक्त्याचं आता. प्रार्थना ठेवा, पण रजिस्टर वाचून झाल्यावरच्या आठवड्यात, आणि हॉलमध्ये नको. ज्या घराचं नाव यादीतून राहिलं होतं त्या घरात ठेवा, घरच्यांची परवानगी घेऊन. जागा लहान पडेल, लोक जिन्यावर बसतील, बसू द्या. वक्ता बाहेरचा नको, कारण बाहेरच्याला दोन्ही बाजूंचे लोक आदल्या रात्री फोन करून माहिती पुरवतात. त्या दिवशी प्रेषितांची कृत्ये सहा आणि करिंथकरांस दुसरं पत्र आठ एवढं मोठ्याने वाचायला सांगा, वाचणारे दोघं दोन गटांतले असोत. संदेश नसला तरी चालेल. नंतर चहा ठेवाल तर खर्च वर्गणीतून करा आणि पावती खजिनदाराला द्या.